मी चहाला जाऊन येते

आम्हा ग्रंथपालांचा सगळा दिवस 'शांतता राखा' या पाटीखाली जातो, त्यामुळं बोलायचं साठून राहतं. नांदेडला मीटिंगला जमलो, की मीटिंग घटकाभर आणि किस्से शेवटच्या एसटीपर्यंत. मी लोह्याची, गंगाधरराव बिलोलीचे, सलीमभाई नांदेडचेच. विषय बहुतेक एकच, सरकार लपवतं काय आणि का.

*

गंगाधररावांकडं माहिती अधिकाराच्या पुस्तिका आल्या. सामान्य माणसानं माहिती कशी मागावी, ते सोपं करून सांगितलेलं. वर शिक्का, 'फक्त कार्यालयीन वापरासाठी'. त्यांनी एक पुस्तिका दोरा बांधून वाचनकक्षाच्या खिडकीला टांगली. तपासणीला आलेले साहेब तडकले, "हे बाहेर कसं?"

"साहेब, हे बी कार्यालयच हाय. अन् येणारा-जाणारा समदा वापर करून राहिला."

*

सलीमभाई एका वाचकासाठी जुनी अधिसूचना शोधत कचेरीत गेले. त्या वाचकाचं दुकान रस्ता रुंदीकरणात जात होतं. क्लार्क म्हणाला, "गोपनीय आहे."

"जनाब, ही तर पेपरात छापून आली होती."

"तेव्हा आली होती. आता फाईलला लागली."

पण माणूस मनानं चांगला. त्यानं फाईल काढून टेबलावर उघडी ठेवली आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "मी चहाला जाऊन येतो."

तेव्हापासून कुणाला कुठला कागद बघायला मिळाला, की आम्ही विचारतो, "कोण गेलं होतं चहाला?" सलीमभाई मात्र या गोष्टीला हसत नाहीत. "ताई, साहेबानं खुर्चीत बसूनच म्हणावं, घ्या, बघा, तुमचंच आहे. रिटायर व्हायच्या आत एवढं एकदा ऐकायचंय."

*

इस्लापूरकडच्या एक मावशी सलीमभाईंकडं आल्या. सरकारनं त्यांच्या गावाबद्दल काय लिहून ठेवलंय, ते त्यांना ऐकायचं होतं; कचेरीत कुणी सांगेना. जुन्या सरकारी ग्रंथात दोन ओळी सापडल्या. त्यांनी त्या पुन्हा वाचायला लावल्या.

"एवढंच?"

"एवढंच, मावशी."

"मंग लपवतेत कशाला?"

*

एकदा माझ्याकडं हवालदार आला. एक वाचक कोणती पुस्तकं नेतो, ते त्याला हवं होतं. मी म्हटलं, "वाचक काय वाचतो, ते आम्ही सांगत नसतो."

"म्हणजे गोपनीय?"

"हो."

"मॅडम, तुमी तर आमच्याहून पक्के निघाले."

गंगाधररावांनी त्यावरून मला लई छळलं. म्हणे, सरकारनं दार उघडं ठेवावं आणि तुम्ही कडी लावून बसावं! तेव्हा सलीमभाई म्हणाले, "सरकार नोकर आहे, वाचक मालक. जवाब नोकरानं द्यायचा असतो."

मला ते पटलं. अजून पटतं.

*

तरीही हे सांगते. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगा परीक्षेची तयारी करायचा. निकालात नाव आलं नाही, तसा तो गाव सोडून गेला. अधूनमधून घरी फोन करतो, "बरा हाय" म्हणतो आणि ठेवतो. कुठं आहे, ते सांगत नाही.

त्याचे वडील आले. टोपी हातात धरून म्हणाले, "ताई, पोरगं इथं काय वाचायचं? घरी तोंडच उघडायचं न्हाई. त्याच्या मनात काय व्हतं, एवढं तरी कळू द्या."

मी नियम सांगितला. त्यांनी मान हलवली आणि मुलगा कुठं बसायचा ते विचारून त्याच खुर्चीत बसले. दुपार झाली तरी उठले नाहीत.

परीक्षेची पुस्तकं सोडून तो आणखी काय न्यायचा, ते मला ठाऊक होतं. काय, ते तुम्हालाही सांगणार नाही. कपाटातून एक पुस्तक काढलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि खिडकीकडं बघत म्हटलं, "मी चहाला जाऊन येते."

परत आले तेव्हा ते ओळीखाली बोट धरून वाचत होते. ग्रंथालय बंद करायची वेळ झाली. मी म्हटलं, "दादा, घरी न्या. माझ्या नावावर टाकते."

त्यांनी पुस्तक मिटलं, कपाटातली जागा विचारली आणि स्वतःच्या हातानं तिथं लावलं.

"नगं, ताई. तो आला अन् जाग्यावर नसलं तर?"