रायतेकाकांची ऑक्टोबर छाटणी

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला लंडनच्या पिनर भागातल्या आमच्या रस्त्यावर नारळ फुटायचा. फोडणारे रायतेकाका. अंगात फ्लीसचं जाकीट, डोक्यावर पांढरी टोपी, हातात छाटणीची कात्री. दारापुढच्या मॅग्नोलियाला हळदकुंकू लावून ते शिडीवर चढायचे आणि तासाभरात त्या झाडाला असं भादरायचे की मुंजीतला बटू बरा दिसावा. वर असेपर्यंत मोठ्याने गाणं चालू असायचं. सुरांशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

त्यांच्या शेजारचं घर भाड्याने घेऊन मी सामान उतरवत होते, तो दिवस नेमका हाच होता. काका काय करताय, असं मी मराठीत विचारल्यावर ते खूश झाले. मी पुण्याची हे कळल्यावर खुशी जरा आवरती घेतली. "पुणेकर होय? मग राहू दे. तुम्हाला द्राक्ष फक्त पिशवीत माहीत," असं म्हणून ते पुन्हा कामाला लागले. त्या दिवसापासून माझं नाव पुणेकर पडलं.

काका निफाडकडचे, द्राक्षबागेतले. तरुणपणी इकडे आले आणि स्लाऊच्या एका गोदामात तीस वर्षं खोकी मोजून निवृत्त झाले. बाग भावांकडे राहिली. काकांच्या वाट्याला आली वडिलांची कात्री आणि ऑक्टोबरच्या छाटणीचा नेम. कुठलाही विषय काढा, तो फिरून वेलीवर यायचा. माझ्या ऑफिसातल्या कटकटी ऐकून ते म्हणायचे, "वेल काय नि मॅनेजर काय, ऑक्टोबरात कात्री लागली नाही की माजतात."

त्या झाडाची गोष्ट अशी. कुसुमकाकूंच्या माहेरी फाटकाशी सोनचाफा होता. तसा आपल्या दारात असावा एवढीच त्यांची हौस. सोनचाफा इथल्या थंडीत कुठला जगायला? म्हणून काकांनी गार्डन सेंटरमध्ये जाऊन चाफ्याच्या नात्यातलं झाड मागितलं, आणि हे मॅग्नोलिया मिळालं. दोन-तीन वर्षांत फुलेल, असं विकणारीने सांगितलं होतं. मी आले तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि झाडाने एक फूल दिलं नव्हतं.

मार्च आला की सगळ्या पिनरमधली मॅग्नोलियाची झाडं पान नसलेल्या फांद्यांवर गुलाबी-पांढरी फुलून यायची. लोक थांबून फोटो काढायचे. काकांच्या दारातलं झाड तेवढं हात हलवत उभं असायचं. काका फिरायला जाताना ती फुललेली झाडं न बघितल्यासारखं करायचे, नातेवाइकाच्या पोराचे मार्क ऐकताना करतात तसं. दोष त्यांनी सगळ्यांना दिला. इथल्या चिकणमातीला, खारींना, समोरच्या मांजराला, आणि मी आल्यावर माझ्या वायफायला. मी राउटर दुसऱ्या खोलीत नेला. झाडावर काही परिणाम झाला नाही, माझं नेटफ्लिक्स मात्र अडखळायला लागलं.

काकूंना ते दरवर्षी सांगायचे, पुढच्या मार्चला तुझ्या ओंजळीत फूल घालतो. काकू म्हणायच्या, घाला हो, घाई कुणाला आहे. पण काकांना घाई होती. जिना चढताना त्यांना धाप लागायची. एकदा कुंपणाशी टेकून मला म्हणाले, "एकदाच घालायचंय गं. एवढ्या संसारात तिने मागितलं तेवढंच."

दोन वर्षांनी ऐन सप्टेंबरात काका पडले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलमधून त्यांचा मला फोन. तब्येतीबद्दल अवाक्षर नाही. शनिवारी छाटणी तू करायचीस, प्रत्येक फांदीवर कोंबाचे सहा डोळे राखायचे आणि सातव्याला कात्री लावायची, असा हुकूम. मी नारळ घेऊन शिडी ओढत पोचले. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे आणि शिडीकडे बघितलं. "शिडी राहू दे. चहा घे. आणि त्यांना सांग, झाली."

मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. न झालेलं काम झालं म्हणणं हे आमच्यात महापाप. पण चहाबरोबर बटाटेवडेही होते. मी फोन करून झाली म्हटलं.

घरी आल्यावर काकांनी खिडकीतून झाडाकडे बघितलं आणि हताश झाले. ही कसली छाटणी, न्हाव्याने नुसता कंगवा फिरवलाय. "शेवटी पुणेरी हात. काही द्यायचं नाही, काही घ्यायचंही नाही."

आणि मार्चमध्ये ते झाड फुललं. थोडंथोडकं नाही, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. काठी टेकत काका बाहेर आले, हाताला येणारं एक फूल तोडलं आणि काकूंच्या ओंजळीत ठेवलं. काकूंनी ते नाकाशी धरलं आणि रडल्या. मीही रडले, त्यात निम्मी भीती होती. कारण काका माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे गं." आणि वडिलांची कात्री त्यांनी माझ्या हातात दिली.

पुढच्या सहा महिन्यांत माझ्या हाताची कीर्ती पिनरभर पसरली. तीन घरी मला गुलाब छाटायला बोलावलं. तिन्ही गुलाब गेले.

ऑक्टोबर उजाडला. नारळ फुटला. मी शिडीवर, काका खाली खुर्चीत, काकू दारात. प्रत्येक फांदीच्या टोकाला करडी, लवदार कळी होती. एव्हाना मी वाचलं होतं. या झाडाचं पुढच्या मार्चचं फूल उन्हाळ्यातच फांदीच्या टोकाला धरतं. द्राक्षाला जी ऑक्टोबरची कात्री फळ देते, तीच याचं फूल नेते. मी काकूंकडे बघितलं. काकू पायपुसणं झटकायला लागल्या.

"काका, गेल्या वर्षी मी छाटलंच नव्हतं," मी वरूनच सांगून टाकलं, आणि कळीचंही सांगितलं.

काका खुर्चीतूनच दाराकडे वळले. त्यांनी विचारलं, "कुसुम, तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षीच. कुंडीला छाटू नका अशी चिठ्ठी होती. मसाल्याच्या खणात आहे अजून."

"मग बोलली का नाहीस?"

"फुलं काय, पिनरभर आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही वर्षातून त्या एकाच दिवशी गाणं म्हणायचात."

काकांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही. मग खालून आवाज आला, "पुणेकर, ती रस्त्याकडची एक फांदी घे. सहा डोळे. बाकीच्यांना हात लावशील तर याद राख." मी कात्री चालवली आणि खाली काकांनी गाणं सुरू केलं. यंदाही बेसूर.

असे अजून दोन ऑक्टोबर मिळाले, मग काका गेले. शनिवारचा नारळ आता मी फोडते. गाणं काकू म्हणतात, आणि सुरात म्हणतात, त्यामुळे चुकल्यासारखं वाटतं. मार्चमध्ये सगळं झाड फुलतं आणि रस्त्याकडची एक फांदी बोडकी राहते. येणारेजाणारे इंग्रज थांबतात, फोटो काढतात आणि काळजीने सांगतात की त्या फांदीला रोग दिसतोय, कुणाला तरी दाखवून घ्या.

काकू दारातूनच म्हणतात, "नो, नो. दॅट वन इज माय हजबंड्स."