मारबतीसोबत गेलेला रेडिओ

आमच्या सक्करदरा वस्तीत रुपरावांना लाइनमन कोणी म्हणत नसे. सगळे भंगारराव म्हणत. वीज मंडळाच्या नोकरीत घरोघरी फिरणं व्हायचं, आणि ट्रान्झिस्टर आल्यावर लोकांना नकोसे झालेले जुने बॅकेलाइटचे रेडिओ हा माणूस सायकलवर बांधून आणायचा. बॅकेलाइट म्हणजे जुनं कडक प्लास्टिकच, पण तसं म्हटलेलं त्याला खपायचं नाही. अंगठ्यानं घासून नाकाशी धरायचा. दवाखान्यासारखा उग्र वास आला की माल खरा.

बहुतेक रेडिओ घरातला म्हातारा गेल्यावर निघायचे. मेलेल्यांचं सामान घरात भरू नका, म्हणून त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, डोकं फोडून घेतलं. मी शेजारी, मलाही तो रिकामटेकडा उद्योगच वाटे. पण त्यांची मुलगी जयवंता हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली आणि त्यातलाच एक तपकिरी रेडिओ तिच्या उशाशी आला. तो लागल्याशिवाय तिचा डोळा लागत नसे.

त्या वर्षी पोळ्याला तिला धाप लागली. रुपराव तिला मेडिकलच्या दवाखान्यात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीतून मारबत, म्हणजे पीडेचा पुतळा, वाजतगाजत निघाली. तिच्यासोबत घरातली पीडा बाहेर काढून जाळायची, ही आपली रीत. कोणी झिजलेली केरसुणी टाकली, कोणी फुटकं सूप. सुभद्राबाईंनी एकेक करून सगळे रेडिओ टाकले. तपकिरीसुद्धा. प्रत्येक वेळी त्या ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत होत्या. मला त्यांचा राग आला नाही. पोरीसाठी आई काय करणार नाही?

आणि जयवंता खरंच घरी आली. मारबतीनं पीडा नेली, असं सुभद्राबाई दारोदार सांगत सुटल्या. पोरगी खाटेवर टेकली आणि म्हणाली, “बाबा, माहा रेडिओ लावा ना.”

रुपरावांनी बायकोकडे पाहिलं. “बिघडला वं बाई. दुरुस्त करून राहिलो.”

त्यांनी नवा ट्रान्झिस्टर आणला. तिनं तो बाजूला सारला. मग ते मारबत जाळली त्या मैदानावर जाऊन राख उकरत बसले. बॅकेलाइट वितळत नाही. तपकिरी रेडिओचं खोकं काळं पडून तसंच होतं. ते घेऊन आले, पण तिला दाखवायची हिंमत झाली नाही. जयवंता रोज विचारत राहिली. दसऱ्याआधी ती गेली.

पुढल्या वर्षी मारबत निघाली तेव्हा सुभद्राबाईंचं दार लोटलेलं होतं. मी आत डोकावलो. ते जळकं खोकं मांडीवर घेऊन त्या अंगठ्यानं घासत होत्या.

“दवाखान्याचा वास येते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “माह्या पोरीच्या अंगाले येत होता ना, तसाच.”

बाहेर पोरं ओरडत होती. मी दार लावून घेतलं आणि त्यांच्याजवळ बसलो.