टॅब हं म्हणत नाही

पांढुर्ण्याला घरी गेले की मैत्रिणी विचारतात, "काय करून राहिली तू त्या शाळेत?" मी सांगते, पहिली-दुसरीच्या पोरांकडून टॅबवर गोष्टी बनवून घेते. मग त्यांना किस्सा हवा असतो. किस्से काही शोधावे लागत नाहीत. पोरांची दप्तरं झटकली की बोराच्या बिया निघतात, तसे निघत राहतात.

शाळा सौसरजवळच्या गावातली. टॅब एकच, आणि मी येईपर्यंत तोही कपाटात होता. खोक्यासकट! किल्ली हेडमास्तर ढोले सरांच्या खिशात. मी पहिल्याच आठवड्यात भांडून तो बाहेर काढला. सर म्हणाले, "ठीक आहे मॅडम. पण दिवाळीआधी ब्लॉकचे साहेब तपासणीला येऊन राहिले. त्यांच्यासमोर पोरांनी धड काही दाखवलं तर ठेवू. नाही तर हे खेळणं परत कपाटात."

पोरांनी ते ऐकलं. दुसरीत पूर्वी नावाची पोरगी आहे, ती तेव्हापासून टॅब ठेवला की त्याच्यावर आपला रुमाल टाकते. सरांना दिसू नये म्हणून!

*

पहिलं रेकॉर्डिंग पूर्वीचंच. मी बटण दाबलं. "एक होती चिमणी," ती म्हणाली आणि गप्प बसली.

"अगं, बोल ना पुढे!"

"हा हं म्हणूनच नाही राहिला."

इथं घरी गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हं म्हणायचं असतं. त्याशिवाय सांगणारा पुढं सरकत नाही. मी म्हटलं, टॅब ऐकतोय, ती हिरवी रेघ बघ कशी हलतेय.

"हालते. पण झोपीतही माणूस हालते ना मॅडम!"

शेवटी तिच्याच वर्गातल्या कार्तिकला तिच्या शेजारी बसवलं. काम एकच, हं म्हणायचं. आता आमच्या प्रत्येक गोष्टीत कार्तिकचा हं आहे. परवा त्याला म्हटलं, ऊठ, धडा वाचून दाखव. तो बसूनच राहिला.

"मॅडम, मी हं वाला आहे."

*

ॲपमध्ये तयार देखावे असतात. त्यात बर्फात बुडालेलं एक घर आहे. मला वाटलं, छान, थंड देशांबद्दल बोलता येईल. विचारलं, "हे काय पडलंय?"

"कापूस!" अख्खा वर्ग.

मी समजावलं. बर्फ, आभाळातून पडतो, हाताला गार लागतो. पोरांनी ऐकून घेतलं. मग मागून एक समजूतदार आवाज आला, "बर्फ असन मॅडम. पण छपरापर्यंत येऊ दिला, म्हणजे वेचायले बाया भेटल्या नसन."

*

बी.एड.ला शिकवलं होतं की गोष्टीत संघर्ष हवा. म्हणून मी सुरुवात करून दिली, "एकदा गावात वाघ आला." पुढचं पोरांनी करायचं.

पोरांनी वाघाला खाटेवर बसवलं.

"मग वाघानं काय केलं?"

"बसला."

"अरे, पण मग?"

"चहा प्याला."

मला राहवेना. "वाघ आहे तो! कोणी घाबरलं नाही? कोणी पळालं नाही?"

कार्तिक म्हणाला, "घरी आलेल्याले चहा न पाजता पाठवते का कोणी?"

ढोले सर दारात उभे राहून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "सगळं ठीक. पण याचं तात्पर्य काय?"

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. थोडी कुजबुज झाली. मग ठरलं.

"साखर कमी होती."

*

एका पोरानं बाबांवर गोष्ट केली. बाबा संत्र्याच्या बागेत राखण करतात. चित्रात झाडाखाली बाबा झोपलेले आणि झाडावर माकडंच माकडं, प्रत्येकाच्या हातात संत्रं. पालकांच्या बैठकीत गोष्ट लावली. लोक पोट धरून हसले.

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत हजर. "मॅडम, ते डिलीट करा."

मी ताठ झाले. म्हटलं, मुलांच्या अभिव्यक्तीचा प्रश्न आहे, मी डिलीट करणार नाही.

त्यांनी बराच विचार केला. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "मंग माकडं तरी कमी करा."

*

साहेब येणार म्हणून पूर्वीच्या गटानं फिल्म करायला घेतली. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकाचा लाकडी बैल ओढत फिरवतात, तसा तिचा एक बैल होता. मी शिकवलं: बैल थोडा सरकवा, फोटो काढा, परत सरकवा, परत काढा. फोटो जोडले की बैल चालतो. पोरं हो म्हणाली. ढोले सर म्हणाले, आधी मला दाखवा. मी म्हटलं, पोरांचं काम आहे, आधी कोणीच पाहणार नाही. मीसुद्धा नाही!

साहेब आले. खुर्चीवर बसले. ढोले सरांनी टॅब त्यांच्यासमोर धरला.

बैल दिसला. झूल, गळ्यात माळ, मागं खडूनं काढलेलं शेत. बैल उभा होता. उभाच राहिला.

"हँग झाला का?" साहेबांनी विचारलं.

मी वाकून पाहिलं. हँग झाला नव्हता. खालचा सेकंदांचा आकडा पुढं सरकत होता. ढोले सरांनी दुसरा हात खिशात घातला आणि कपाटाची किल्ली काढली.

तेवढ्यात टॅबमधून पूर्वीचा आवाज आला. "एक होता बैल."

आणि पुढं काहीच नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी कार्तिक तापानं घरी होता. पूर्वीनं त्याच्या हंची जागा तशीच मोकळी सोडली होती. सगळे टॅबकडं पाहत राहिले.

"हं," साहेब म्हणाले. सवयीनं तोंडून निघून गेलं असावं.

"आज पोळा हाय," टॅबमधली पूर्वी म्हणाली. "आज त्याले काम नाही. आज तो चालत नाही."

"हं."

"त्यानं पोळी खाल्ली. आता तो उभा हाय."

"हं."

फिल्म संपली. बैल शेवटपर्यंत जागचा हलला नव्हता. साहेबांनी चष्मा काढला. "अन् दुसऱ्या दिवशी काय झालं?"

पूर्वी पुढं आली. ढोले सरांच्या हातातून टॅब घेतला, मांडीवर ठेवला आणि साहेबांच्या समोर खाली बसली.

"मधात विचारायचं नसते. हं म्हणायचं असते."

"हं," साहेब म्हणाले.

तरी पूर्वी पुढची गोष्ट सुरू करेना. ती ढोले सरांकडं पाहत होती. सरांच्या हातात किल्ली होती. त्यांनी साहेबांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग खाली पूर्वीकडं.

"हं," सर म्हणाले.