खाली आलेलं हजेरीचं घड्याळ

पोलिओमुळे तीनचाकी सायकलवर फिरणाऱ्या वैजयंतीला चिंचवडच्या एका कारखान्यात कॉइल गुंडाळायचं काम मिळालं, तेव्हा तिच्या आईला, सुहासिनीबाईंना, आनंदाआधी शंका आली. १९८१ हे साल जगभर अपंगांचं वर्ष म्हणून पाळलं जातंय, हे पदवीधर सुहासिनीबाईंनी पेपरात वाचलं होतं. कंपनीचे पेपरात फोटो छापून आले की पोरीला घरी पाठवतील, असंच त्यांनी धरलं. पहिल्या दिवशी त्या फाटकापर्यंत गेल्या. पायऱ्यांच्या जागी नवा उतार दिसला.

"फोटोपुरता," त्या पुटपुटल्या.

फाटकाच्या आतच हजेरीचं घड्याळ होतं, भिंतीवर कमरेइतकं खाली आणलेलं. एक उंच फिटर वाकून कार्ड घालत कुरकुरला, "काय राव, एका पोरीपायी सगळ्या कंपनीनं रोज वाकायचं?"

मागचा म्हणाला, "ज्योतीराम, साहेबापुढं वाकताना बरी दुखत नाही तुझी कंबर."

वैजयंतीने सायकलवर बसूनच कार्ड घातलं.

सुहासिनीबाई घड्याळाकडे बघत राहिल्या. नुसत्या फोटोसाठी कोणी रोज शंभर माणसांची कुरकुर ओढवून घेणार नाही, एवढं त्यांना पटलं. तरी डबा हातात देताना त्या म्हणाल्याच, "संडासाला पायरी आहे का, ते आधी बघ."