आजाऱ्यांच्या भेटीचं काम

मुलुंडच्या आमच्या मराठी चर्चच्या मंडळीत आजारी माणसांना घरी जाऊन भेटायचं काम वर्षानुवर्षं एकाच मावशींकडे होतं. त्या मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवून घेतलं आणि म्हणाले, "आता हे तुम्ही बघा."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. चष्म्याच्या दुकानात कामाला होते, अजूनही आहे. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर सहा वर्षं मी चर्चची पायरी चढले नव्हते. परत आले तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचे आणि आशीर्वाद संपायच्या आत निघायचे. चारचौघांत मोठ्याने प्रार्थना मी कधी केली नव्हती. हे सगळं मी पाळकसाहेबांना सांगितलं. दुसरं कुणी बघा, असंही म्हटलं.

"प्रार्थना करूनच तुमचं नाव पुढे आलंय," ते म्हणाले. "देव बोलावतो तेव्हा जमेल का, हे आधी कळत नाही. जाऊन तर या."

त्यांचा अंदाज चुकलाय असं मला वाटलं. देवाचा चुकलाय असं वाटलं नाही, कारण यात देवाचा काही संबंध असेल हेच मला पटत नव्हतं.

त्यांनी दिलेला पत्ता एका निवृत्त शिक्षिकेचा होता. मंडळीत सगळे त्यांना बाई म्हणायचे. कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी उपचार थांबवले होते. मुलगी दुबईत होती. दिवसभर एक नर्स असायची.

पहिल्या शनिवारी मी गेले आणि खुर्चीवर बसून राहिले. बाईंचा चेहरा इतका बारीक झाला होता की चष्मा सारखा नाकावरून घसरत होता. मी तो मागून घेतला, पर्समधल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने काड्या घट्ट केल्या आणि परत दिला. बाईंनी तो घालून मान हलवून पाहिली.

"प्रार्थना नाही करणार?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या वेळी करते," असं म्हणून मी निघाले.

आठवडाभर बसून मी एक प्रार्थना कागदावर लिहिली. पाळकसाहेब वापरतात तसे शब्द जुळवले. दुसऱ्या शनिवारी बाईंच्या पलंगाशी उभी राहून वाचायला लागले. तीन ओळी झाल्या असतील, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांब. तो कागद दे इकडे."

त्यांनी तो शाळेतल्या वहीसारखा डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचला.

"शुद्धलेखन बरं आहे," त्या म्हणाल्या. "पण यातलं तुझं काही नाही. इथं येताना तुला काय वाटतं?"

मी खरं ते सांगितलं. "भीती वाटते, बाई. जिन्यात दोनदा परत फिरावंसं वाटलं."

"मग त्याला तेच सांग."

मी डोळे मिटले. "प्रभू, मला इथं यायची भीती वाटते. काय बोलायचं ते येत नाही. आम्हा दोघींजवळ राहा. आमेन." एवढंच झालं.

नर्स आत येऊन औषध देऊन गेली. मग बाई म्हणाल्या, "मलाही वाटते. मुलीला सांगत नाही, ती रडते. पाळकसाहेबांना सांगत नाही, ते लगेच बायबलमधलं वचन वाचतात."

मी त्यांचा हात धरला. धरावा का, हे ठरवायला वेळ लागला, तेही आठवतं.

त्यानंतर मी अकरा शनिवार गेले. बाई कधी शाळेतल्या गोष्टी सांगायच्या, कधी नुसत्या पडून असायच्या. प्रार्थना चार-पाच वाक्यांच्या पुढे कधीच गेली नाही. माझं व्याकरण चुकलं तर बाई आमेन व्हायची वाट बघायच्या आणि मग सुधारायच्या. शेवटी शेवटी त्यांना बोलणं जड जायला लागलं, तेव्हा सुधारणं थांबलं. त्या दिवशी मी घरी येऊन रडले.

बाई एका मंगळवारी सकाळी गेल्या. मी दुकानात होते. मुलगी येऊन पोचली होती. दफनविधी झाल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "आई घाबरली होती का हो?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हटलं, "हो, घाबरल्या होत्या. पण त्या सांगायच्या, आणि आम्ही दोघी ते देवाला सांगायचो."

ती मान हलवत उभी राहिली. तिला बरं वाटलं की नाही, ते मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी पाळकसाहेबांना भेटले. हे काम मला पेलत नाही, असं सांगायचं ठरवून गेले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "पेलत नाही हे तुम्ही पहिल्या दिवशीही म्हणाला होतात," ते म्हणाले. "तरी बारा आठवडे गेलात."

"तेरा," मी म्हटलं.

ते हसले आणि त्यांनी घाटकोपरचा एक पत्ता दिला. अर्धांगवायूने खिळलेले गृहस्थ होते, प्रार्थना नको असं त्यांनी आधीच कळवलं होतं. मी गेले. त्यांनी तासभर क्रिकेटबद्दल सांगितलं, त्यातलं निम्मं मला समजलं नाही. निघताना म्हणाले, "परत येणार असाल तर सकाळी या, संध्याकाळी मॅच असते."

पुढच्या शनिवारी मी सकाळी गेले.