नदीकडची बाजू

करमाडच्या धनगरवाड्यातला सूर्यभान मेंढरांमागं फिरायच्या वयात शाळेत जाऊन बसला आणि शिकत शिकत भूगर्भशास्त्रज्ञ झाला. औरंगाबादेत पाण्याच्या सरकारी कचेरीत त्याला नोकरी लागली. वाळूजला एकामागून एक कारखाने उभे राहत होते, प्रत्येकाला बोअरचं पाणी हवं होतं, त्यामुळं कामाला तोटा नव्हता. त्र्याण्णवच्या पावसाळ्यात त्याची बायको म्हाळसाबाई काविळीनं गेली. पुरता आठवडाभरही आजारी नव्हती.

सूर्यभान रडला नाही. दहाव्याला कावळा पिंडाला शिवला तेव्हा बायांनी हंबरडा फोडला. हा टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिला. त्याची आई बानाबाई रोज ताट वाढून समोर बसायची.

"एकदा रडून घे रं बाबा. आत साठवून ठेवणं बरं नाय."

"काय साठलंच नाय माय," तो म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.

दिवाळीनंतर त्याच्या टेबलावर वणीकडच्या एका कोळसा खाणीच्या परवान्याचा अर्ज आला. तिकडची तपासणाऱ्याची जागा रिकामी होती, म्हणून कागद इकडं धाडलेले. जमिनीखालचे थर कसे आहेत, खाण खोदल्यावर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी किती उतरेल, ही माहिती पुरेशी आणि भरवशाची आहे का, ते त्यानं सांगायचं होतं.

तो वाचत गेला. विहिरींचं पाणी पावसाळा सरता सरता मोजलेलं. उन्हाळ्याची मोजणीच नाही. नदीच्या बाजूला दोन बोअर अगदी शेजारी शेजारी. एकात कोळसा वरच लागलेला, दुसऱ्यात कितीतरी खोल. नकाशात मात्र दोन्हींमधून एक सुबक रेघ ओढलेली. मधे कुठंतरी खडक तुटून खचला असणार. तशी भेग असली तर नदीचं पाणी तिच्यातून खाणीत उतरणार, पंप ते रात्रंदिवस उपसणार आणि गावाच्या विहिरी कोरड्या पडणार.

एरवी असं काही दिसलं की तो उठून शेजारच्या टेबलावर अप्पारावकडं धावायचा. दोघं बरोबरच नोकरीला लागलेले. या वेळी तो जागचा हलला नाही. मधे आणखी एक बोअर घ्यावा, मे महिन्यात विहिरी पुन्हा मोजाव्यात, तोवर शिफारस करता येत नाही, असं त्यानं लिहून टाकलं.

साहेबांनी बोलावलं. "कंपनीवाले रोज फोन करतायत. अटी घालून देऊन टाकू या ना."

"खाली काय आहे तेच माहीत नाही साहेब. अट कशावर घालायची?"

आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हतं. साहेब त्याच्या तोंडाकडं बघत राहिले आणि मग त्यांनी त्याच्या शेऱ्याखाली सही केली.

जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. चौकाचौकांत पोलीस, आणि वस्त्यांमधून ढोलताशे. अप्पाराव पेढे घेऊन कचेरीत आला. याच नावावरून झालेल्या अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत गावातलं त्याचं घर जाळलं होतं; कॉलेजात असताना मोर्चात जाऊन त्यानं तुरुंगही पाहिला होता. सूर्यभाननं पेढा घेतला.

"लई चांगलं झालं अप्पा. पण खरं सांगू? मला आतून काहीच वाटत नाय."

अप्पाराव खुर्ची ओढून बसला. "मला वाटलं होतं, त्या दिवशी नाचीन. घरची सगळी गेली गुलाल खेळायला. मी नुसता बसून व्हतो, भिंतीकडं बघत."

मग चहा आला.

मधला बोअर घेतला, तेव्हा भेग निघाली. मे महिन्यातली मोजणी झाली. कंपनीनं नदीकडची बाजू सोडून दिली, उरलेल्या जागेला परवाना मिळाला. अप्पारावनं पाठ थोपटली. सूर्यभाननं मान हलवली.

खाण सुरू झाल्यावर पुढच्या उन्हाळ्यात विहिरी बघायला त्यालाच पाठवलं. नदीच्या अंगाला पाणी होतं. दुसऱ्या बाजूला गोजरबाई नावाच्या म्हातारीची विहीर होती. त्यानं पाणी मोजायची फीत खाली सोडली. ती कोरड्या खडकावर टेकली. पुन्हा सोडली, पुन्हा टेकली. सूर्यभान काठावर बसला. त्याला एकदम हुंदका आला आणि मग आवरेचना. हातातली फीत विहिरीत पडली. तो म्हाळसाबाईचं नाव घेऊन रडत होता, पण ते शब्द कुणाला कळण्यासारखे नव्हते.

माणसं गोळा झाली. सरकारी साहेब आपल्या विहिरीसाठी रडतो आहे, असंच गोजरबाईला वाटलं. ती घाबरून गेली. कुणाच्या तरी घरून तांब्याभर पाणी आणून तिनं त्याच्यापुढं धरलं.

"असं रडू नका जी साहेब. पंचायत बोअर मारून देनार हाये आमाले."

तो हो हो म्हणत राहिला. तांब्या त्यानं दोन्ही हातांनी धरला होता, पण पाणी पिण्याइतका दम काही त्याला लवकर मिळाला नाही.