मनात किती खर्च केलात?

आमच्या ऑफिसात बोनस जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी अण्णांचं बोलावणं यायचं. मेल नाही, मेसेज नाही. अण्णा स्वतः जिन्यापाशी येऊन उभे राहायचे आणि ज्याची पाळी असेल त्याच्याकडे बघून एक बोट वाकवायचे. त्यांच्या काचेच्या खोलीत गेलं की ते खुर्चीकडे हात करत, चष्मा कपाळावर चढवत आणि आकडा सांगायच्या आधी विचारत, "मनात किती खर्च केलात, ते सांगा आधी."

बंगळुरातल्या इंदिरानगरमधल्या त्या सत्तर माणसांच्या कंपनीत सगळ्यांचे पगार काढायचं काम अण्णांकडे होतं. वास्तविक पगाराची चिठ्ठी कॉम्प्युटरवर आपोआप यायची. पण बोनसची चिठ्ठी माणसानं एकट्यानं उघडू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. बोनस ऐकताना एक आकडा असतो, हातात पडताना दुसराच, आणि मधल्या फरकाचा धक्का बसताना समोर कोणीतरी असावं. म्हणून ते प्रत्येकाला पाठकोऱ्या कागदाच्या तुकड्यावर पेन्सिलीनं हिशेब मांडून देत. वर्षाचा पगार, त्यात बोनस, त्यावरचा टॅक्स, आतापर्यंत कापलेला, आता कापायचा, आणि खाली दोन रेघा मारून हातात येणारी रक्कम. "ठेवा. घरी दाखवा," असं म्हणून तो तुकडा देत. घरी कोणी नसलं तरी देत.

अण्णांचं घराणं बंगळुरात तीन-चारशे वर्षं मुरलेलं. घर चिकपेटच्या बाजूला, साड्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत. बोलायचे मराठीच, पण त्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की मला पहिले दोन आठवडे ते कन्नडच बोलतात असं वाटत होतं. मी अकोल्याची. एकदा फोनवर आईशी तावातावानं भांडत होते, तर मागून आवाज आला, "आईवर ओरडू नये हो अम्मा, स्वल्प हळू." मी वळून बघितलं तर अण्णा! आपण इथे मराठीत काहीही बोललो तरी खपतं, हा माझा समज त्या दिवशी धुळीला मिळाला.

बोनसवर सरकार वेगळा, जादा टॅक्स लावतं, अशी आमच्याकडे सगळ्यांची पक्की समजूत होती. एका टीम लीडनं तर एकदा अण्णांच्या खोलीत जाऊन आरडाओरडा केला की माझ्या बोनसचा तिसरा हिस्सा तुम्ही गिळलात. अण्णांनी त्याला आधी कॉफी पाजली. मग म्हणाले, "बोनस म्हणजे पगारच की. स्वल्प उशिरा आला, इतकंच. टॅक्सच्या खालच्या पायऱ्यांवर तुमचा महिन्याचा पगार आधीच बसलाय. तिथं टॅक्स नाही, नाहीतर थोडका. हा शेवटी आला, म्हणून वरच्या महाग पायरीवर बसला. त्याचा काय दोष?" तो गृहस्थ म्हणाला, मग दर महिन्याला थोडं थोडं कापायचं होतं. अण्णा म्हणाले, "मार्चमध्ये आला तर पुढचे महिने कुठून आणू? वर्ष संपलं ना." गृहस्थ कॉफी संपवून गेला. पटलं होतं असं नाही, पण आवाज उतरला होता.

माझी गोष्ट याहून वाईट होती, आणि ती सर्वस्वी माझ्याच शहाणपणामुळे. मी त्या कंपनीत ऑक्टोबरात लागले होते. आधीच्या नोकरीत सहा महिन्यांचा पगार झालेला होता. तो नव्या कंपनीला कळवायचा एक फॉर्म असतो. अण्णांनी तो मला लागल्याच्या दिवशीच दिला होता. मी भरला नाही. माझ्याबरोबर पीजीत राहणारी मुलगी म्हणाली होती, "कशाला देतेस? नाही दिलास तर टॅक्स कमी कापतात." आणि खरंच कमी कापत होते! अर्ध्याच वर्षाचा पगार दिसत होता ना त्यांना. अण्णा दर महिन्याला विचारत, "तो फॉर्म?" मी दर महिन्याला म्हणे, "देते की." तो ड्रॉवरमध्ये हँडक्रीमखाली पडून होता.

तेवढ्यात आईचं यायचं ठरलं. बाबा गेल्यापासून ती अकोल्यात मामाकडे राहत होती. मामा चांगला, पण दुसऱ्याच्या घरी चहा करतानासुद्धा ती विचारून करायची, आणि ते मला सहन होत नव्हतं. के. आर. पुरमला मी दोन खोल्या बघितल्या, वर गच्ची, खाली नळाला रोज पाणी. घरमालकांना मार्चअखेर आगाऊ रक्कम द्यायची होती, नाहीतर दुसरा भाडेकरू तयारच होता. मी बोनसचा जाहीर झालेला आकडा धरला, तो आगाऊ रकमेला तंतोतंत पुरत होता, आणि आईला तिकीट काढायला सांगून मोकळी झाले.

अण्णांचं बोट वाकलं. मी जाऊन बसले. "मनात किती खर्च केलात?"

"सगळा," मी म्हटलं आणि घराचं सांगितलं.

त्यांनी एक पाठकोरा तुकडा पुढे ओढला. मग पेन्सिल उचलून म्हणाले, "अम्मा, तो फॉर्म अजून आला नाही. नाही दिलात तर आज बोनसमधून थोडंच कापतो मी. घर होतं तुमचं." मला हायसं वाटलं. पण ते थांबले नव्हते. "जुलैत रिटर्न भराल तेव्हा दोन्ही पगार एकत्र दिसतात. राहिलेला टॅक्स तेव्हा भरायचा, वर व्याज. आई आलेली असेल. तेव्हा कुठून आणाल? मी सक्ती करत नाही. तुमचा कागद आहे."

त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. रागावले असते तर मी भांडले असते, भांडायला मी कोणाला ऐकत नाही. पण हा माणूस मला विचार करायला वेळ देत होता. मी उठले, ड्रॉवरमधून फॉर्म आणला, हँडक्रीमचा डाग पुसला आणि त्यांच्यासमोरच भरला. त्यांनी नव्यानं हिशेब मांडला. दोन रेघांखालचा आकडा जाहीर झालेल्याच्या जेमतेम निम्मा होता. मी ऑफिसात रडले ती तेवढीच एकदा.

अण्णांनी मला पैसे देऊ केले नाहीत. उसने देणारे बरेच भेटतात, त्यांची आठवण अशी राहत नाही. ते म्हणाले, "शनिवारी घरमालक असतात का घरी?"

शनिवारी दुपारी चिकपेटचा हा माणूस, स्वतःच्या घराच्या बरोबर उलट दिशेला, माझ्याबरोबर मेट्रोनं के. आर. पुरमला आला. वाटेत मी विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं? म्हणाले, "आडनावातच आहे की. साताऱ्याकडे कुठं तरी. आमच्यातल्या कोणी बघितलं नाही. आमच्या हिला घेऊन एकदा जायचंय म्हणून म्हणतो, पण मार्च संपला की एप्रिल येतो."

घरमालक एका सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मी गुन्हेगारासारखी सोफ्याच्या कडेला बसले. अण्णा कन्नडमध्ये बोलत होते. मला त्यातलं 'बोनस', 'टॅक्स', 'मार्च' आणि 'स्वल्प' एवढंच कळत होतं. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि विजेच्या बिलाच्या पाठीमागे माझा हिशेब मांडला. दोन रेघा मारताच घरमालक ताडकन सरळ झाले आणि मोठमोठ्यानं काहीतरी सांगू लागले. मला वाटलं, घर गेलं! अण्णा हसत माझ्याकडे वळले, "यांना पगारवाढीच्या फरकाची रक्कम एकदम मिळाली होती एकदा. तिच्यातून असंच कापलं. पंधरा वर्षं झाली, राग अजून ताजा आहे." अर्ध्या तासानं ठरलं: निम्मी आगाऊ रक्कम आता, उरलेली तीन महिन्यांच्या भाड्याबरोबर. "सरी," घरमालक म्हणाले, म्हणजे 'बरं, ठीक'. बंगळुरात इतका गोड शब्द मी दुसरा ऐकलेला नाही.

आई आली. पहिल्याच सकाळी तिनं कोणाला न विचारता चहा केला आणि मला उठवलं. अण्णांचा तो पाठकोरा तुकडा मी तिला दाखवला, तर तिनं तो घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला. अजून आहे.

गेल्या मार्चअखेर अण्णा निवृत्त झाले. पगाराचं काम कंपनीनं बाहेर दिलं. आता बोनसचा आकडा फोनवर टुणकन येतो आणि माणसं आपापल्या जागी एकेकटी गप्प होतात. निरोपाला आईनं हट्टानं माझ्याबरोबर येऊन अण्णांना शेंगदाण्याच्या चटणीची बरणी दिली. अण्णांनी खुर्ची दाखवली, पण ती उभीच राहिली.

"भाऊ, यंदा तुमालेही बोनस भेटला असंन ना? मंग तुमी मनात किती खर्च केला?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून आईकडे बघितलं. माझ्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत हे त्यांना आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"सगळा, अक्का," ते म्हणाले. "आमच्या हिला घेऊन साताऱ्याकडचं ते गाव बघून यायचं."

मी त्यांच्या खुर्चीत बसले. त्यांचीच पेन्सिल घेतली, पाठकोरा कागद घेतला. त्यांनी आकडे सांगितले आणि मी मांडले: वर्षाचा पगार, त्यात बोनस, टॅक्स, कापलेला, कापायचा. दोन रेघा मारल्या. खाली प्रवासखर्च लिहिला. दोन तिकिटं, एसीची, जाऊन येऊन, आणि चार दिवस राहणं. "बसतंय अण्णा! सगळं बसतंय!"

त्यांनी कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत तपासला. "सेस विसरलीस, अम्मा. टॅक्सवर चार टक्के." त्यांनी मला 'तू' म्हटलं ते पहिल्यांदाच. मी सेस धरला. थोडे कमी पडले.

"सरी. येताना साधा डबा," ते म्हणाले.

मी सवयीनं म्हटलं, "ठेवा. घरी दाखवा." त्यांनी तो कागद चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिशावर हात तसाच राहू दिला.

"दाखवतो की," ते म्हणाले. "मला आजवर कोणी काढून दिला नव्हता."